कडेचा प्रश्न : नाताळच्या कापडी सजावटीचे शिवणशास्त्र

तळहाताएवढा एखादा कापडी तारा हातात घ्या आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवा. दोऱ्याचे बारीक, सारख्या अंतरावरचे उंचवटे लागले, तर तारा फेल्टचा आहे आणि शिवणाऱ्याने कड उघडी ठेवली आहे. कड गुळगुळीत लागली आणि तिच्या आत किंचित टणक पट्टी जाणवली, तर कापड विणलेले आहे आणि कड उलटवून पोटात घेतली आहे. कड सापडलीच नाही, बोट एका घडीवरून दुसऱ्या घडीवर घसरत गेले, तर ती घडीत लपवली आहे. नाताळच्या झाडावर, दारावर किंवा खिडकीत टांगायचे कापडी नग शेकडो आकारांचे असतात. घंटा, मोजा, हरीण, देवदूत, मेणबत्ती. पण शिवणीच्या दृष्टीने त्यांच्या जाती या तीनच आहेत, आणि कापड, दोरा, टाका, भरण यांच्याबद्दलचे बहुतेक सगळे निर्णय त्या जातीतून आपोआप निघतात. आकार आधी ठरवून मग कापड शोधणारा माणूस फसतो. कडेचे काय करायचे हे आधी ठरवणाऱ्याला आकार सापडतो.

इतर शिवणकामात कडेला एवढे महत्त्व नसते, त्यामागे साधे गणित आहे. सव्वादोन मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब चादरीला साडेनऊ मीटर कड असते. क्षेत्रफळाच्या हिशेबाने दर १०० चौरस सेंटिमीटरमागे ही कड फक्त १.७ सेंटिमीटर भरते. आठ सेंटिमीटर व्यासाच्या कापडी चकतीला २५ सेंटिमीटर कड आणि ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ, म्हणजे दर १०० चौरस सेंटिमीटरमागे ५० सेंटिमीटर कड. जवळजवळ तीसपट. ताऱ्यात हे प्रमाण आणखी चढते. ब्लाउज सफाईने शिवणारा हातही पहिला तारा शिवताना अडखळतो तो यामुळेच. त्याचे कौशल्य कमी नसते, कामातला कडेचा वाटा एकदम वाढलेला असतो.

विणलेले आणि दाबलेले

विणलेल्या कापडात ताणा आणि बाणा एकमेकांना काटकोनात धरून असतात. हे धरणे केवळ घर्षणाचे असते. धागा वर-खाली जात जितक्या धाग्यांना ओलांडतो तितकी त्याची पकड घट्ट. कापलेल्या कडेजवळच्या शेवटच्या धाग्याला एका बाजूने कोणी धरलेलेच नसते, म्हणून तो निसटतो. तो निसटला की त्याच्या शेजारचा शेवटचा होतो. कापड उसवत जाते ते असे, एकामागून एक. उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर कापलेली कड लवकर उसवते, कारण तिथे धागा पूर्ण लांबीने मोकळा होतो. उरेपात, म्हणजे ४५ अंशांत कापलेल्या कडेला प्रत्येक धाग्याचे फक्त टोक येते, त्यामुळे ती उशिरा उसवते. उरेपाचा दुसरा गुण पुढे फार लागणार आहे. त्या दिशेने ओढले किंवा दाबले की ताणा आणि बाणा यांच्यामधला कोन बदलतो आणि कापड ताणते, आखडते, वळण घेते. उभ्या-आडव्या दिशेला तेच कापड हट्टी असते.

फेल्टमध्ये ताणाही नसतो आणि बाणाही नसतो. आपल्याकडे हे समजायला परक्या उदाहरणाची गरज नाही. घोंगडी मागावर विणतात, पण जेन हे लोकरी अंथरूण विणत नाहीत. लोकरीचे थर पसरून, पाणी शिंपडून, गुंडाळून आणि दाबून ते घट्ट करतात. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडे केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. ओलावा आणि ऊब मिळाली आणि घासले-दाबले की प्रत्येक केस आपल्या मुळाच्या दिशेने पुढे सरकतो. मागे येऊ लागला की खवले शेजारच्या केसांत अडकतात. पुढे जाता येते, मागे येता येत नाही. हजारो केस असे एकमेकांत शिरत जातात आणि जी गुंतवळ तयार होते तिला कोणत्याही दिशेने कापले तरी ती उसवत नाही, कारण निसटायला ‘शेवटचा धागा’ असा कोणी नसतोच. चुकून गरम पाण्यात धुतलेला लोकरी स्वेटर लहान आणि जाड होऊन बाहेर येतो, त्यामागचे कारणही हेच.

शाळेच्या हस्तकलेसाठी दुकानात मिळणारे रंगीत फेल्ट मात्र बहुधा लोकरीचे नसते. ते पॉलिएस्टरचे किंवा ॲक्रिलिकचे असते. त्या तंतूंना खवले नाहीत. काटेरी सुयांनी वरून-खालून टोचून ते एकमेकांत गुंतवलेले असतात. कड त्याचीही उसवत नाही, पण गुंतवळ सैल असल्याने हाताळून हाताळून पृष्ठभागावर बोंडे येतात आणि ताणले तर ते परत जाग्यावर येत नाही. ओळखायचे असेल तर चिमट्यात लहानसा तुकडा धरून, शेजारी पाण्याची वाटी ठेवून, जाळून पाहावा. लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो आणि तिची राख बोटांत चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. याच कारणाने कृत्रिम फेल्टवर गरम इस्त्री कधी थेट ठेवू नये. मध्ये सुती फडके घालावे आणि इस्त्री मंद ठेवावी.

उघडी कड

कड उघडी ठेवणे ही पहिली आणि फार जुनी रीत. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिक येथील पाचव्या थडग्यातून सर्गेई रुदेन्को यांनी १९४९ मध्ये फेल्टचे हंस बाहेर काढले. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकातले, आत केस भरलेले, सुमारे ३० सेंटिमीटर उंचीचे. थडग्यात शिरलेले पाणी गोठून राहिल्यामुळे ते टिकले आणि आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. सजावट म्हणून फेल्ट कापून, शिवून, भरून पक्षी करण्याची कल्पना नाताळपेक्षा कितीतरी जुनी आहे हे त्या हंसांकडे पाहून कळते.

युरोपात झाड सजवण्याच्या प्रथेत कापड उशिरा आले. १६०५ सालच्या स्ट्रासबुर्गमधल्या एका नोंदीत झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, पातळ वड्या आणि मिठाई टांगल्याचा उल्लेख आहे. पुढे थुरिंगियातल्या लाउशा गावचे काचेचे गोळे आले. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे झाडाभोवतीचे चित्र छापले आणि ही प्रथा इंग्रजी भाषकांच्या घरोघरी पोहोचली. काच फुटते. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरात झाडाच्या खालच्या फांद्यांवर काय टांगायचे, या प्रश्नाला कापड हे समंजस उत्तर आहे, मग ते कोणत्याही शतकात सुचलेले असो.

फेल्टच्या छोट्या भरीव प्राण्यांना बाजारात आणणारी बाई जर्मनीतल्या गिंगन गावची. मार्गारेटे श्टाइफ यांचा जन्म १८४७ चा. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही दुखरा राहिला. तरी त्या शिवणकाम शिकल्या आणि १८७७ मध्ये त्यांनी फेल्टच्या कपड्यांचा व्यवसाय थाटला. एका फॅशनच्या मासिकात आलेल्या आराखड्यावरून त्यांनी फेल्टचा हत्ती केला. करायला गेल्या टाचण्या खोचायची गादी, पण मुलांनी तो खेळायला घेतला. १८८० हे त्यांच्या खेळण्यांच्या कारखान्याचे स्थापनावर्ष मानतात. मला या कथेत महत्त्वाचे वाटते ते कापड. ज्या हाताला ताकद कमी आहे त्या हाताने कड उलटवणे, चिमटणे, टोके बाहेर काढणे ही कामे कष्टाची होतात. फेल्टला त्यातले काहीच लागत नाही. त्यांनी फेल्ट याच कारणाने निवडले असे मी म्हणत नाही, गावात फेल्टचा कारखानाच होता. पण फेल्टने त्यांना साथ दिली हे निश्चित.

उघड्या कडेसाठी काज टाका हाच योग्य. धावदोऱ्याने दोन थर जोडले तर ताण प्रत्येक टाक्याच्या दोन छिद्रांवर येतो आणि मऊ फेल्ट तिथे फाटते. काज टाक्यात दोऱ्याचा फास कडेवरून आडवा जातो, त्यामुळे सगळ्या कडेला दोऱ्याची एक बारीक किनार मिळते आणि ताण तिच्यावर वाटला जातो. टाक्याची खोली तीन मिलिमीटर आणि दोन टाक्यांतले अंतरही तीन मिलिमीटर हे प्रमाण आठ-दहा सेंटिमीटरच्या नगाला शोभते. दोरा किती लागेल याचा अंदाज बांधता येतो. प्रत्येक टाक्यात दोरा पुढच्या बाजूने तीन, मागच्या बाजूने तीन, कडेवर तीन मिलिमीटर जातो आणि दोन थरांची जाडी ओलांडतो. म्हणजे तीन मिलिमीटर पुढे सरकायला सुमारे १२ मिलिमीटर दोरा. परिघाच्या चौपट. २५ सेंटिमीटरच्या चकतीला मीटरभर. पण मीटरभर दोरा एकदम ओवू नये. प्रत्येक वेळी तो कापडातून ओढला जाताना झिजतो आणि पिळला जातो. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतची लांबी पुरे. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर सुटे करून घ्यावेत. तीन घेतले की कड ओबडधोबड दिसते, एक घेतला की तो फेल्टमध्ये रुततो.

उलटवलेली कड

आता अवघड प्रकरण. सुती कापडाचे दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवायचे, थोडी जागा मोकळी ठेवायची, तिथून नग उलटवायचा आणि भरायचा. शिवणीबाहेर जे कापड ठेवतो त्याला आपल्या शिंप्यांनी ‘माया’ म्हटले आहे, आणि या कामात सगळी कसोटी त्या मायेचीच असते.

चार सेंटिमीटर त्रिज्येची चकती घेऊ. शिवण २५.१ सेंटिमीटर. सहा मिलिमीटर माया ठेवली, तर मायेच्या बाहेरच्या कडेची लांबी २८.९ सेंटिमीटर. नग उलटवला की तीच कड शिवणीच्या आत, ३.४ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात बसायला हवी, आणि तिथे जागा फक्त २१.४ सेंटिमीटर. साडेसात सेंटिमीटर कापड जास्त. ते जाईल कुठे? चुण्या पडतील आणि त्या चुण्या वरच्या कापडातून उंचवट्यांसारख्या दिसतील. म्हणून बाहेर फुगलेल्या वळणावर मायेतून कात्रीने इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचे तुकडे काढून टाकतात.

हा साडेसातचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे, कारण त्यात चकतीची त्रिज्या येतच नाही. बाहेरच्या वर्तुळातून आतले वर्तुळ वजा केले की त्रिज्या गळून जाते आणि उरते फक्त मायेची चौपट गुणिले पाय (π). मोठी चकती असो की छोटी, सहा मिलिमीटर मायेला जास्तीचे कापड साडेसात सेंटिमीटरच. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या गादीला शिवण ६३ सेंटिमीटर असते, तिच्यात साडेसात सेंटिमीटर, म्हणजे १२ टक्के, सहज पचतात. दोन सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीची शिवण १२.६ सेंटिमीटर, आणि जास्तीचे कापड तिच्या ६० टक्के. नग लहान झाला की काम सोपे होते ही समजूत या एका आकड्याने मोडते. उपाय दोनच. एकतर माया कमी करायची. तीन मिलिमीटर ठेवली की जास्तीचे कापडही निम्मे होते. पण त्यासाठी शिवण बारीक टिपेची, पक्की हवी आणि कापड दाट विणीचे हवे, नाहीतर तीन मिलिमीटर माया उसवून शिवणच सुटते. नाहीतर नग मोठा करायचा. सैल विणीच्या खादीचे तीन सेंटिमीटरचे फूल उलटवून करायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्या कापडाला तो आकार मागू नये.

आत गेलेल्या वळणावर उलट घडते. तिथे मायेची कड शिवणीपेक्षा आखूड असते आणि उलटवल्यावर तिला पसरायचे असते. ती पसरू शकली नाही तर शिवण खेचली जाऊन चुणी पडते. तिथे तुकडे काढायचे नाहीत, फक्त सरळ काप द्यायचे, शिवणीपासून एक-दोन धागे अलीकडेपर्यंत. हृदयाच्या आकारात वरची दोन वळणे पहिल्या प्रकारची आणि मधली खाच दुसऱ्या प्रकारची. एकाच नगात दोन्ही न्याय लागतात. माझ्या अनुभवात नवशिक्यांची हृदये बिघडतात ती वरच्या गोलाईत नाही, त्या खाचेत, कारण शिवण तुटेल या भीतीने काप पुरेसा खोल दिला जात नाही.

ताऱ्याची टोके हा स्वतंत्र विषय आहे. पाच टोकांच्या नेहमीच्या ताऱ्यात प्रत्येक टोकाचा कोन ३६ अंशांचा असतो. टोकाच्या दोन्ही बाजूंची सहा मिलिमीटर माया आत वळली, की टोकापासून जवळजवळ दोन सेंटिमीटरपर्यंत या दोन्ही माया एकमेकींवर चढलेल्या राहतात. पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे धरले की त्या चिंचोळ्या जागेत थरांची दाटी होते, आणि टोक बाहेर काढायला कितीही काड्या खुपसल्या तरी ते गोलसर गाठीसारखे राहते. टोकाजवळ माया तीन मिलिमीटर केली की ही दाटी एका सेंटिमीटरवर येते. टोक तिरके छाटून टाकले की आणखी कमी होते. शिवताना नेमक्या टोकावर सुई वळवू नये. टोकाला एक टाका आडवा घ्यावा आणि मग दुसऱ्या बाजूला लागावे. कागदावर हे टोक बोथट वाटते, पण उलटवल्यावर तेच अणकुचीदार दिसते.

त्याहून चांगला उपाय आराखड्यातच आहे. नेहमीच्या ताऱ्यात आतल्या खाचा केंद्रापासून बाहेरच्या टोकांच्या ०.३८ पट अंतरावर असतात. त्या निम्म्या अंतरावर आणल्या की टोकाचा कोन सुमारे ५३ अंश होतो आणि मायेची दाटी दोन सेंटिमीटरवरून १.३५ सेंटिमीटरवर येते. तारा थोडा गुबगुबीत दिसतो, आणि कापडाच्या ताऱ्याने गुबगुबीतच दिसावे असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात आणि वसईत डिसेंबरमध्ये दारोदारी जे कागदी तारे लागतात त्यांची लांब, टोकदार बोटे बांबूच्या कामट्यांनी पेललेली असतात. आपला आकाशकंदीलही त्याच घराण्यातला. कामटी टोकापर्यंत सरळ जाऊ शकते, कापूस जाऊ शकत नाही. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांकडून आपण जसाच्या तसा घेतला, पण कागदी ताऱ्याचा आराखडा कापडावर जसाच्या तसा उतरवू नये.

सपाटाचे गोल

दोन सारख्या चकत्या जोडून भरल्या की नग कापलेल्या चकतीपेक्षा लहान होतो, हे शिवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. किती लहान होतो, याचे उत्तर गणितात आहे. न ताणणाऱ्या पत्र्याच्या दोन चकत्या कडेने जोडून पूर्ण फुगवल्या, तर व्यास मूळच्या सुमारे ७६ टक्के उरतो. चंदेरी प्लास्टिकचे फुगे असेच असतात. परिघाची लांबी मात्र तीच राहते, म्हणून उरलेले २४ टक्के कडेवर सुरकुत्यांच्या रूपाने गोळा होतात. कापड थोडे ताणते, म्हणून त्याचा व्यास इतका घटत नाही, पण ठासून भरलेल्या नगासाठी तीन-चतुर्थांश हा हिशेब चालतो. आठ सेंटिमीटरचा टम्म गोळा हवा असेल तर चकती साडेदहा सेंटिमीटरची कापावी लागते. कडेवर सुरकुत्या सगळीकडे सारख्या पडत नाहीत. जिथे कड उरेपात येते अशा चार जागी कापड आखडू शकते आणि शिवण तुलनेने गुळगुळीत राहते. जिथे कड उभ्या किंवा आडव्या धाग्याला समांतर असते तिथे ती चुरगळते.

खरा चेंडू हवा असेल तर चकत्यांचा नाद सोडावा आणि फाका कापाव्यात, मोसंबीच्या फोडीसारख्या. आठ सेंटिमीटर व्यासाच्या चेंडूचा घेर २५.१ सेंटिमीटर. सहा फाका घेतल्या तर प्रत्येकीची लांबी घेराच्या निम्मी, १२.६ सेंटिमीटर, आणि मधोमध रुंदी घेराच्या सहाव्या भागाइतकी, ४.२ सेंटिमीटर. मध्यापासून टोकाकडे निम्मे अंतर गेले की रुंदी ३ सेंटिमीटर हवी, दोन-तृतीयांश गेले की २.१ सेंटिमीटर. या सगळ्यात माया वेगळी. सरळ रेषांनी टोकाला नेलेली फाक चुकीची, तिचा चेंडू दोन्ही ध्रुवांवर टोकदार होतो. प्रत्येक फाकेचा लांबीचा अक्ष उरेपात ठेवला तर उरलेली चूक कापड स्वतः दुरुस्त करते. सहा फाकांत तीन रंग आलटून-पालटून लावले की झाडावर तो चेंडू फिरताना फार सुंदर दिसतो.

घडीत लपलेली कड

तिसऱ्या जातीकडे आपल्याकडचे लोक फारसे वळत नाहीत, आणि मला वाटते की तिच्यात सर्वांत जास्त बुद्धी आहे. दहा सेंटिमीटरचा चौरस कर्णावर एकदा दुमडा आणि मिळालेला त्रिकोण पुन्हा निम्म्यात दुमडा. चौरसाच्या चारही कडा आता एकाच बाजूवर एकावर एक येऊन बसलेल्या असतात. ४० सेंटिमीटर उसवणारी कड दहा सेंटिमीटरच्या एका रेषेत गोळा झाली. उरलेल्या दोन बाजू घड्या आहेत, त्या उसवूच शकत नाहीत. ही एक रेषा कशाखाली तरी झाकली की काम झाले. थर्माकोलच्या गोळ्यावर असे त्रिकोण टाचण्यांनी किंवा कापडात गुंडाळलेल्या गोळ्यावर टाक्यांनी ओळीने बसवत जातात. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या कडा झाकते, कौलारू छपरावर वरचे कौल खालच्या कौलाचे डोके झाकते तशी. शेवटच्या ओळीच्या कडा झाकायला कोणी उरत नाही, तिथे फीत लावतात. मोठ्या मोज्याच्या तोंडाला लावलेला उरेपपट्टीचा गोटही याच जातीचा. तिथे एका कापडाची कड दुसऱ्या कापडाच्या घडीत जाते.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांतून ज्या गोधड्या शिवतात त्यांच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची थरावर थर चढवलेली त्रिकोणी ‘फुलं’ असतात. फुलांशिवाय गोधडी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. सिद्दींपैकी काही कुटुंबे ख्रिस्ती आहेत, आणि काही गोधड्यांत क्रूसाची आकृती दिसते. नाताळच्या झाडासाठी घडीचे काम शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने परदेशी पुस्तकाआधी ते कोपरे पाहावेत. घडी किती सपाट असावी आणि टाका कुठे लपवावा याची जाण त्यात आहे.

चुणीचे फूल हे घडीच्या कडेचे सर्वांत सोपे रूप. गोल चकतीची कड जराशी आत मुडपून तिच्यावरून धावदोरा घालायचा आणि ओढायचा. कड केंद्राशी गोळा होते आणि व्यास निम्म्याहून थोडा कमी उरतो. इथे एक गोष्ट उलटी वाटते. टाके बारीक घातले तर चुण्या जास्त पडतात, त्या मधे दाटी करतात आणि मधले भोक मोठे राहते. टाके लांब, सात-आठ मिलिमीटरचे घातले तर चुण्या मोजक्या पडतात आणि भोक घट्ट मिटते. शाळेत बारीक धावदोऱ्याची शिकवण मिळालेल्या हाताला हे पटायला वेळ लागतो. १४, १२, १०, ८, ६ सेंटिमीटरच्या हिरव्या चकत्यांची फुले उतरत्या क्रमाने दोऱ्यात ओवली की सुरूचे छोटे झाड तयार होते. शिंप्याकडच्या कातरणातून मिळतील तेवढ्या हिरव्या छटा घ्याव्यात, एकाच ताग्यातले हिरवे नको.

भरण, टांगणे आणि अकरा महिने

भरण म्हणून सुती कापूस, सावरीचा कापूस आणि पॉलिएस्टरचा फायबर हे तीन पर्याय हाताशी असतात. सावरीचा तंतू आतून पोकळ आणि मेणचट, हलका, पाण्याला न जुमानणारा, पण निसरडा. बारीक टोकांत तो राहत नाही. सुती कापूस हाताला छान लागतो, परंतु नेहमीच्या हवेत तो आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो आणि दबून त्याच्या गुठळ्या होतात. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. कोरड्या प्रदेशात मी सुती कापूसच सुचवेन. कोकणात, मुंबईत, गोव्यात नाही. भरताना टोकांपासून सुरुवात करावी, एका वेळी वाटाण्याएवढा फायबर, बोथट काडीने. उलटवण्यासाठी ठेवलेली मोकळी जागा सरळ बाजूवर असावी, कारण सरळ शिवणीत मायेची लांबी आणि शिवणीची लांबी सारखीच असते. तिथे ती आत दुमडून आळीपाळीने दोन्ही घड्यांतून टाके घेत, शिडीच्या पायऱ्यांसारखे, दोरा ओढला की शिवण दिसतही नाही. टांगायची दोरी या जागेत कधी घालू नये. सगळे वजन त्या हातटाक्यांवर येते. दोरी आधीच, मुख्य शिवणीत, दोन थरांच्या मध्ये धरून शिवलेली असावी.

आपल्याकडे कापडी सजावटीची खरी परीक्षा डिसेंबरात होत नाही. ती झाडावर तीन आठवडे असते आणि मग सुमारे अकरा महिने डब्यात, त्यातले चार पावसाचे. जर्मनीतल्या किंवा इंग्लंडमधल्या पुस्तकांत या चार महिन्यांबद्दल एक ओळही नसते. ओलाव्याने सुती कापडावर बुरशीचे ठिपके येतात, आणि ते सुरू होतात उलटवलेल्या कडेत, कारण तिथे थर जास्त आणि हवा कमी. लोकरी फेल्टला कसर लागते. कसरीच्या अळीला लोकरीतले केराटिन पचते, पॉलिएस्टर पचत नाही. म्हणून नग काढल्यावर जानेवारीच्या कोरड्या उन्हात दिवसभर ठेवावेत, पण लाल आणि गडद हिरवे रंग उडतात, त्यांच्यावर पातळ सुती कापड पसरावे. मग घट्ट झाकणाच्या डब्यात, लोकरीचे नग वेगळे, डांबराच्या गोळ्या कागदात गुंडाळून. त्या थर्माकोलला किंवा प्लास्टिकच्या मण्यांना चिकटल्या तर ते विरघळतात. गणपतीनंतर उघडीप मिळाली की डबा एकदा उघडून हवा द्यावी.

डबा बंद करण्याआधी प्रत्येक नगाची कड पाहून घ्यावी. काज टाक्याचा एखादा फास तुटलेला असेल तर तो तेव्हाच, दोन्ही बाजूंचे दोन-दोन टाके उसवून, नव्या दोऱ्याने भरून काढावा, कारण उघडी कड एका ठिकाणी सुटली की डब्यात घासून ती पुढे सुटत जाते. त्यासाठी वापरलेल्या प्रत्येक रंगाचा हातभर दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळून डब्यातच ठेवतात. पुठ्ठ्यावर रंगाचा क्रमांक आणि साल लिहिलेले असावे.